ज्यूकबॉक्स पुण्याला न्यायचा आहे

प्रश्न : आम्ही दोघे डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय येथे अनेक वर्षे राहत आहोत आणि पुढील वर्षी कायमचे पुण्याला परतणार आहोत. आमच्या बेसमेंटमध्ये सीबर्ग कंपनीचा, १९६०च्या दशकातला, ८० रेकॉर्ड्सचा ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणे टाकून आणि बटण दाबून हवे ते गाणे वाजवणारे यंत्र, आहे. एक जुने डायनर (छोटे खाण्याचे हॉटेल) बंद होत असताना मी तो हौसेने घेतला, दुरुस्त करून घेतला आणि त्यात त्या काळची पॉप, रॉक आणि सोल गाणी भरली. गिरगावात रेडिओ सिलोनवर आणि वडिलांच्या रेकॉर्ड्सवर हीच गाणी ऐकत मी लहानाची मोठी झाले. आता घरात एकमत होत नाही. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणतो की आतले जुने यंत्र काढून संगणक बसवू, म्हणजे हवी तितकी गाणी वाजतील आणि वजनही उतरेल. यजमान म्हणतात की हा विकून टाक आणि पुण्यात ब्लूटूथवाला नवा घे. ‘तीच ती गाणी’ ही त्यांची जुनीच तक्रार आहे. वडिलांच्या काही रेकॉर्ड्स ७८च्या आणि बऱ्याचशा ४५च्या (म्हणजे मिनिटाला तितके फेरे घेणाऱ्या) आहेत, पण ४५च्या रेकॉर्ड्सचे मधले छिद्र लहान असल्यामुळे त्या या यंत्रात बसत नाहीत. छिद्र मोठे करून मिळते असे ऐकले आहे. काय करावे? — गिरगावची माहेरवाशीण

उत्तर : ताई, आधी निकाल सांगतो आणि मग कारणे देतो. यंत्र आतून रिकामे करू देऊ नका. ते पुण्याला अवश्य न्या, पण मोटरचे काम मिशिगनमध्येच उरकून न्या. आणि वडिलांच्या एकाही रेकॉर्डला कोणाला कानस लावू देऊ नका. तुमचे यंत्र सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी तबकडी वाजवण्यासाठी बांधलेले आहे. त्या तबकडीला काय मानवते आणि काय मानवत नाही हे एकदा नीट पाहिले, की मुलाचा, यजमानांचा आणि तुमचा असे तिन्ही प्रश्न बरेचसे सुटतात.

चिरंजिवांपासून सुरुवात करू. त्यांना एकदा यंत्राचे झाकण उघडून समोर बसवा आणि एक गाणे लावा. रेकॉर्ड्स एका लांब रांगेत उभ्या असतात. बटणे दाबली की रुळावरचा गाडा त्या रांगेसमोरून सरकत जातो, नेमक्या जागी थांबतो, हवी ती रेकॉर्ड उचलून उभीच पकडतो आणि उभ्या अवस्थेतच वाजवतो. रेकॉर्ड उलटी करण्याची गरजच पडत नाही, कारण दोन्ही बाजूंसाठी दोन सुया आहेत आणि दुसरी बाजू वाजवताना मोटर उलट दिशेने फिरते. सीबर्गने १९४८ साली याच तत्त्वावर ५० रेकॉर्ड्सच्या दोन्ही बाजू, म्हणजे १०० गाणी वाजवणारे यंत्र काढले, तेव्हा बाजारातल्या वुर्लिट्झर १०१५ या अत्यंत लोकप्रिय, बुडबुड्यांच्या नळ्यांच्या देखण्या यंत्रात अवघी २४ गाणी होती. पुढच्याच वर्षी, मार्च १९४९मध्ये, आरसीए व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी बाजारात आणली, आणि १९५०मध्ये सीबर्गने आपले यंत्र तिच्यासाठी बेतले. रॉक अँड रोल आणि सोल संगीत घराघरांत पोहोचण्याआधी कोपऱ्यावरच्या खाणावळींत आणि बारमध्ये पोहोचले, त्यात या जोडीचा वाटा फार मोठा आहे. ज्यूकबॉक्सवर सर्वाधिक वाजलेल्या गाण्यांची स्वतंत्र यादी ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक १९५७पर्यंत छापत होते, यावरून या धंद्याचे वजन ध्यानात येईल.

मुलाच्या व्यवसायाला भिडेल अशी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. सीबर्गने १९५५मध्ये २०० गाण्यांचे यंत्र काढले, तेव्हा कोणती बटणे दाबली गेली हे लक्षात ठेवण्यासाठी त्यात फेराइटच्या इवल्या कड्यांची चुंबकीय स्मृती बसवली. त्याच सुमारास मोठमोठ्या संगणकांतही अशाच कड्यांची स्मृती वापरात येत होती. तुमच्या १६० निवडींच्या यंत्रातही बहुधा तीच आहे. संगणक बसवण्यासाठी जे काढून फेकायचे म्हणतात, त्यात संगणकाचाच एक पूर्वज बसलेला आहे, हे चिरंजिवांना दाखवाच. एकदा काढलेले यंत्र पुन्हा जसेच्या तसे बसवणे जवळजवळ अशक्य असते, आणि रिकाम्या कपाटाला पुढे जाणकार गिऱ्हाईक मिळत नाही.

तरीही हवी तितकी गाणी हवीत ही मुलाची इच्छा काही गैर नाही, आणि ती यंत्राला धक्का न लावता पुरी करता येते. एक छोटा ब्लूटूथ रिसीव्हर बाहेरून जोडून तोच अँप्लिफायर आणि तेच स्पीकर वापरता येतात. मात्र तो सुईच्या तारांच्या जागी थेट जोडू नये. सुईकडून येणारा संकेत काही मिलिव्होल्टचाच असतो, शिवाय रेकॉर्ड कापताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि तारस्वर वाढवलेले असतात, आणि अँप्लिफायर वाजवताना ते उलटे करून घेतो. फोनचा संकेत त्या वाटेने गेला तर आवाज घुमतो आणि फाटतो. त्या टप्प्यानंतर जोडणी कुठे करायची हे ज्यूकबॉक्सचा मेकॅनिक तासाभरात दाखवून देईल, आणि नको झाले की दोन तारा सोडवल्या की काम संपले.

आता स्थलांतराचा मुद्दा, आणि इथे मला थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण अमेरिकेतून अशी यंत्रे आणणारे बहुतेक लोक याच ठिकाणी फसतात. अमेरिकेतली वीज सुमारे १२० व्होल्टची आणि ६० हर्ट्झची (म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांची) असते. पुण्यातली २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची. व्होल्टेजसाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो लावला की यंत्र सुरू होते, दिवे लागतात, गाडाही सरकतो, आणि सगळ्यांना वाटते की झाले. पण ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही, आणि तबकडी फिरवणाऱ्या मोटरचा वेग हर्ट्झवरच अवलंबून असतो. परिणामी ४५ऐवजी तबकडी मिनिटाला साडेसदतीस फेरे घेते. लय तर मंदावतेच, पण स्वरही सुमारे तीन अर्धस्वरांनी खाली येतो. पेटीच्या भाषेत सांगायचे तर काळी चारमध्ये गायलेले गाणे पांढरी चारमध्ये, किंबहुना त्याच्याही किंचित खाली ऐकू येते. सोल गायिका अरीथा फ्रँकलिनचा आवाज एखाद्या पेंगुळलेल्या पुरुषासारखा ऐकावा लागला, तर यजमानांचा विकून टाकण्याचा सल्ला तुम्हालाही पटू लागेल.

यावर दोन उपाय आहेत. पहिला आणि माझ्या मते चांगला उपाय म्हणजे मोटरकडून तबकडीकडे गती नेणारा भाग ५० हर्ट्झच्या मापाचा बसवून घेणे. अमेरिकन कंपन्या युरोपात यंत्रे पाठवत असत, त्यामुळे तसे भाग होते आणि जुन्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांकडे अजूनही मिळतात. न मिळाल्यास कुशल टर्नर मापाने करून देऊ शकतो, कारण व्यासाचे गणित सरळ सहाला पाच असे आहे. दुसरा उपाय म्हणजे फक्त मोटरसाठी ६० हर्ट्झची वीज तयार करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण लावणे. ते नीट, शुद्ध लहरीचे घ्यावे लागते, आणि बिघडले तर पुण्यात पुन्हा शोधाशोध करावी लागेल.

पहिला उपाय केलात तर काम बरोबर झाले की नाही हे ट्रॉयमध्येच तपासता येते. नवा भाग बसवल्यावर तिथल्या विजेवर तबकडीने मिनिटाला ५४ फेरे घेतले पाहिजेत, म्हणजे गाणे घाईघाईने आणि चिरक्या आवाजात वाजले पाहिजे. लेबलच्या कडेला कागदाचा बारीक कपटा चिकटवून घड्याळ लावून फेरे मोजा. ५४ भरले तर पुण्यात ४५ भरतील. मेकॅनिकला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर चिरका आवाज ऐकून तो बिचारा सगळे पूर्ववत करून ठेवील.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. कमी हर्ट्झवर जुने ट्रान्सफॉर्मर जास्त तापतात, म्हणून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा न घेता ११० किंवा त्याहून थोडा कमी देणारा आणि ऐपतीने मोठा घ्यावा. ट्यूबलाइटचे चोकही तापतात. तिथे एलईडी नळ्या बसवून मोकळे व्हावे. जुन्या यंत्रांच्या दोन पिनांच्या वायरला अर्थिंग नसते, ते करून घेतल्याशिवाय नातवंडांना बटणांपाशी जाऊ देऊ नये. अँप्लिफायरमधले जुने कपॅसिटर बदललेले नसतील तर तेही तिथेच बदलून घ्यावेत, आणि गाड्याच्या रुळांवरचे मेणासारखे घट्ट झालेले जुने ग्रीस साफ करून घ्यावे. यंत्राचे वजन दीडशे किलोच्या आसपास असते, आतली यंत्रणा स्प्रिंगांवर टांगलेली असते. प्रवासाआधी ती बोल्टांनी जखडायची असते आणि सर्व रेकॉर्ड्स बाहेर काढून वेगळ्या, उभ्या भरायच्या असतात. पुण्यातल्या सोसायटीची लिफ्ट केवढी आहे हे आधी मोजून घ्या. कस्टम्सबाबत शिपिंग एजंटकडून सगळे लेखी घ्या. त्या विषयात तोंडी आश्वासनांवर विसंबू नये.

यजमानांच्या ‘तीच ती गाणी’ या तक्रारीत तथ्य आहे असे मला तुमच्या पत्रावरून वाटते, आणि त्याचा दोष ८० या आकड्याचा नाही. तुम्ही सोबत पाठवलेल्या यादीत जवळजवळ प्रत्येक रेकॉर्डची एकच बाजू लिहिली आहे. याचा अर्थ तुमच्या घरात १६० गाणी असून ८०च वाजत आहेत. ज्यूकबॉक्समध्ये रेकॉर्ड निवडताना दुसरी बाजू पाहून निवडावी, हा या छंदातला सर्वांत कामाचा नियम आहे, आणि त्या काळातल्या कंपन्यांनीच त्याची सोय करून ठेवली आहे. एल्विस प्रेस्लीच्या १९५६च्या एकाच तबकडीवर एका बाजूला ‘हाउंड डॉग’ आणि दुसऱ्या बाजूला ‘डोन्ट बी क्रूएल’ आहे, आणि दोन्ही गाणी अव्वल क्रमांकावर गेली. बीटल्सचे ‘पेनी लेन’ आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ १९६७मध्ये एकाच तबकडीवर आले. बीच बॉईजने आदल्याच वर्षी ‘वुडन्ट इट बी नाइस’च्या पाठीमागे ‘गॉड ओन्ली नोज’ दिले. माझ्या मते त्यांचे याहून चांगले गाणे नाही.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे काही गाणी मागच्या बाजूला ढकलली गेली होती आणि लोकांनीच ती पुढे आणली. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीतल्या बुकर टी. अँड द एमजीज या वाद्यवृंदाचे ‘ग्रीन अनियन्स’ १९६२मध्ये आधी मागच्या बाजूला छापले होते. सॅम कुकचे ‘अ चेंज इज गॉना कम’ हे त्याच्या मृत्यूनंतर, डिसेंबर १९६४मध्ये, ‘शेक’ या नाचाच्या गाण्याच्या मागे आले; आज पुढची बाजू थोड्यांना आठवते आणि मागची साऱ्या जगाला. १९५४ साली बिल हेलीचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ही मागच्याच बाजूला होते. यजमानांना या मागच्या बाजू ऐकवून पाहा.

एकच गाणे दोन गळ्यांतून ठेवणे हाही चांगला उपाय आहे. ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ हे डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे गाणे १९६७मध्ये ग्लॅडिस नाइट अँड द पिप्स यांनी धावत्या, टाळीच्या लयीत गायले आणि पुढच्या वर्षी तेच मार्विन गेच्या आवाजात संथ आणि संशयाने पोखरलेले होऊन आले. ‘रिस्पेक्ट’ ओटिस रेडिंगने १९६५मध्ये लिहिले आणि गायले, ते घरी परतलेल्या नवऱ्याच्या बाजूने. दोन वर्षांनी अरीथा फ्रँकलिनने ते बायकोच्या बाजूने गायले आणि मूळ गाण्याला मागे टाकले. हे दोन्ही आवाज शेजारच्या बटणांवर ठेवा, आणि कोणते बटण कोण दाबते ते पाहा. मोटाउनविषयी तुम्हाला मी काय सांगावे? बेरी गॉर्डीने १९५९मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन ज्या कंपनीची सुरुवात केली, तिचे वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचे घर तुमच्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे आणि आता संग्रहालय आहे. तिथली गाणी गाडीतल्या रेडिओच्या लहानशा स्पीकरवरही उठून दिसावीत अशी बेतलेली असत, म्हणून ती ज्यूकबॉक्सवर इतकी भरदार वाजतात.

रेकॉर्ड्स भरताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. ज्यूकबॉक्सच्या टोनआर्मचा, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीचा, भार घरगुती टर्नटेबलपेक्षा जास्त असतो, आणि अमेरिकेतल्या काही कंपन्यांच्या, विशेषतः कोलंबियाच्या, अनेक ४५च्या रेकॉर्ड्स व्हिनाइलच्या नसून स्टायरीन या कडक, ठिसूळ प्लास्टिकच्या आहेत. त्या लवकर झिजतात आणि सुई बोथट असेल तर थोड्याच दिवसांत कायमच्या खरखरू लागतात. सुया भिंगाखाली तपासून घ्या आणि शंका आली तर बदला. दोन्ही सुया एकदमच. पहिल्या आवृत्तीच्या, जपण्याजोग्या रेकॉर्ड्स कपाटात ठेवा आणि यंत्रात ‘मोटाउन यस्टरइयर’ किंवा ‘अटलांटिक ओल्डीज’ अशा मालिकांमधल्या पुनर्मुद्रित रेकॉर्ड्स लावा. त्यांत दोन्ही बाजूंना गाजलेली गाणी असतात, त्यामुळे मूळ मागची बाजू हरवते, पण रोज वाजवायला त्या ठीक आहेत. ‘मूळ कलाकार’ एवढेच लिहिलेल्या स्वस्त रेकॉर्ड्स मात्र घेऊ नका. पन्नास-साठच्या दशकांतल्या पुष्कळ गायकांनी आपली गाणी नंतर दुसऱ्या कंपन्यांसाठी पुन्हा गायली आहेत, आणि गायक तोच असला तरी ते ध्वनिमुद्रण तुमच्या आठवणीतले नसते. लेबलवरच्या वेळेवरही फार विश्वास नको. रायचस ब्रदर्सच्या ‘यूव्ह लॉस्ट दॅट लव्हिन फीलिन’वर निर्माता फिल स्पेक्टरने ३ मिनिटे ५ सेकंद छापले, गाणे प्रत्यक्षात पावणेचार मिनिटांचे आहे; लांब गाणे रेडिओवाले लावणार नाहीत अशी त्याला धास्ती होती.

आता वडिलांच्या रेकॉर्ड्स. अमेरिकन ४५ला ३८ मिलिमीटरचे मोठे छिद्र असते आणि तुमचे यंत्र तिला त्याच छिद्रात धरते. छिद्र मोठे करून देणारी पंचसारखी हत्यारे मिळतात हे तुम्ही ऐकले ते खरे आहे. पण छिद्र केसभर जरी एका बाजूला गेले तरी प्रत्येक फेऱ्याला स्वर हेलकावे खातो, आणि ते परत दुरुस्त होत नाही. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात छापलेल्या बीटल्सच्या रेकॉर्ड्स तुमच्या पेटीत असतील, तर त्या संग्राहकांनाही हव्या असतात. ७८च्या रेकॉर्ड्सपैकी एखादी बीटल्सची निघाली तर विशेष जपा, कारण किल्लीचे ग्रामोफोन आपल्याकडे घराघरांत टिकून असल्यामुळे भारतात त्यांची गाणी ७८वरही निघाली, आणि जगात फार थोड्या देशांत तसे झाले. त्यातली जी गाणी तुम्हाला ज्यूकबॉक्सवर ऐकायची आहेत, त्यांच्या अमेरिकन प्रती मिशिगनमधल्या जुन्या रेकॉर्ड्सच्या दुकानांत सहज आणि स्वस्तात मिळतात. त्या निघण्यापूर्वीच घेऊन ठेवा. मुंबईत काळ्या घोड्याचे ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्ड्सचे दुकान २०१६मध्येच बंद झाले, आणि चोरबाजारात मिळालेल्या रेकॉर्ड्स बहुधा पुन्हा लहान छिद्राच्याच निघतील.

वडिलांच्या रेकॉर्ड्ससाठी पुण्यात तीन वेगांचे एक साधे टर्नटेबल घ्या. ७८साठी वेगळी, जाड टोकाची सुई लागते, कारण त्या रेकॉर्ड्सची खाच रुंद असते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत राहते आणि खरखरीशिवाय फारसे ऐकू येत नाही. पावसाळ्यात कागदी पाकिटांना बुरशी धरते, तेव्हा पाकिटे बदलून रेकॉर्ड्स उभ्या आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा.

शेवटी यजमानांचा मुद्दा. निवडीच्या बटणांतल्या पहिल्या दोन अक्षरांवरची सगळी गाणी त्यांच्या नावे करून द्या, रेकॉर्ड्स त्यांनीच निवडाव्यात आणि नावांच्या पट्ट्याही त्यांनीच टंकलिखित कराव्यात: वरच्या ओळीत पुढची बाजू, मध्ये कलाकार, खाली मागची बाजू. मोटरच्या कामासाठी मेकॅनिकची वेळ मात्र आजच घ्या. हे काम करणारे लोक थोडे आहेत आणि वयस्कर आहेत, आणि सामान बांधण्याच्या आधी निदान दोन महिने यंत्र त्यांच्या हाती असायला हवे.